पांखरांच्या संसाराविषयीं

पक्ष्यांचीं जोडपीं हा उपदेशकांचा फार आवडता विषय आहे. सारसाची जोडी दाखवावी, चक्रवाकाचा विरह वर्णावा, आणि मग माणसानें लाजून मान खालीं घालावी, असा एक ठराविक परिपाठ पडून गेला आहे. आमच्या मतें यानें पांखरांना न्याय मिळत नाहीं आणि माणसालाही कांहीं शिकावयास सांपडत नाहीं. पांखराला प्रतिज्ञा करितां येत नाहीं. त्याला पिलें वाढवावयाचीं असतात. आणि तें काम किती कठीण आहे हें पाहिलें म्हणजे जोडीचा अर्थ उलगडूं लागतो.

कोंबडीचें उदाहरण घ्या. तिचें पिलूं अंड्यांतून बाहेर पडून अंग वाळलें कीं आईमागून धांवत दाणे टिपूं लागतें. तेथें कोंबड्यावांचून कांहीं अडत नाहीं, आणि तोही फिरकत नाहीं. उलट चिमणीचें किंवा कावळ्याचें पिलूं जन्मतः उघडें, आंधळें व असहाय असतें. त्याच्या चोंचींत दिवसभर घांस घालीत राहावयाचें आणि त्याच वेळीं घरटेंही राखावयाचें, हें एकट्याच्यानें निभावणें अवघड. पक्ष्यांच्या बहुतेक जातींत नरमादी निदान हंगामापुरतीं जोडीनें राहतात, याचें मुख्य कारण हेंच होय. एकनिष्ठेचा प्रश्न निराळा. 1980 नंतरच्या आनुवंशिक परीक्षणांनीं असें दाखवून दिलें आहे कीं, आदर्श म्हणून गाजलेल्या कित्येक जोडप्यांच्या घरट्यांत कांहीं पिलें परक्या नराचीं असतात.

सुगरणीची गोष्ट तर याहून मौजेची आहे. आपल्या भाषेनें तिला स्त्रीचें नांव देऊन घरट्याचें सर्व श्रेय मादीच्या पदरांत टाकलें. वास्तविक विणकर नर आहे. सलीम अली यांनीं 1930 सालीं अलिबागजवळ किहीम येथें या पक्ष्यांचें निरीक्षण केलें, तेव्हां त्यांचा सर्व व्यवहार उघडकीस आला. नर घरटें अर्धवट विणतो. मादी येऊन तें पारखते. पसंत पडलें तर राहते. मग तें पुरें करून हा गृहस्थ दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें विणावयास लागतो, आणि पिलांचा बहुतेक भार पहिलीच्या माथीं राहतो. यांतून कोणता उपदेश काढावा, तें उपदेशकांनींच सांगावें! सातभाईंच्या बाबतींत मात्र मराठीनें नांव अगदीं नेमकें ठेविलें. त्यांच्या थव्यांत आईबापांखेरीज इतर पक्षीही, आणि त्यांत पुष्कळदां आधीच्या विणींतील भावंडें, पिलांना भरवितात.

परंतु दोघांनींच सर्व पेलावयाचें म्हणजे काय, हें पाहावयाचें असेल तर सह्याद्रींतील मोठा धनेश पाहावा. विणीच्या हंगामांत मादी जुनाट वृक्षाच्या ढोलींत शिरते आणि मुख्यतः स्वतःच्या विष्ठेचा गिलावा करून दार लिंपून घेते. एक फट तेवढी उघडी राहते. अंडीं एक किंवा दोन. तीं उबविण्यास 38 ते 40 दिवस लागतात, आणि पिलूं अर्धेंमुर्धें वाढेपर्यंत मादी बाहेर येत नाहीं. या कोंडवासांत तिचीं पिसें झडून नवीं येतात. म्हणजे दार फोडलें तरी कांहीं काळ तिला धड उडतां यावयाचें नाहीं. नर वडाउंबराचीं फळें गळ्यांत सांठवून आणतो, खोडाला बिलगून बसतो आणि एकेक फळ वर काढून फटींतून आंत देतो.

क्रौंचाच्या जोडप्यांतील नर निषादाच्या बाणानें पडला आणि त्या शोकांतून वाल्मीकीची वाणी स्फुरली, अशी कथा आहे. त्या कथेंतील मादी निदान आक्रोश करण्यास मोकळी होती. धनेशाचा नर बंदुकीला बळी पडला तर आंतल्या मादीला तो कां आला नाहीं हेंही कळावयाचें नाहीं. मारणाऱ्याच्या झोळींत एकच पांखरूं पडतें. ढोलींतलीं मोजतो कोण?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ही शिकार गुन्हा ठरली आहे, हें योग्यच झालें. पण आमची खरी तक्रार कुऱ्हाडीविषयीं आहे. धनेशाला सुतारपक्ष्याप्रमाणें लांकूड कोरतां येत नाहीं. त्याला तयार ढोली लागते, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली थोर वयाच्या वृक्षांतच सांपडते. लांकूडतोड्याच्या दृष्टीनें पोकळ झाड म्हणजे निकामी झाड, म्हणून त्यावर घाव घालतांना कोणी हळहळत नाहीं. नवीन रोप लावून ही भरपाई होत नाहीं. त्या रोपाला ढोली पडेपर्यंत माणसांच्याही कित्येक पिढ्या जातील. कोंकणांतील देवरायांमध्यें असे वृक्ष अजून उभे आहेत. त्यांतला पोकळ वृक्ष सर्वांत आधीं राखावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें अशक्य नाहीं. अरुणाचल प्रदेशांतील न्यीशी लोक पूर्वीपासून आपल्या टोपीवर धनेशाची चोंच मिरवीत आले. पक्के व्याघ्रप्रकल्पाच्या भोंवतालीं 2011 पासून त्यांच्यांतलेच गांवकरी धनेशाचीं घरटीं शोधून त्यांची राखण करितात, आणि त्याचा खर्च दूरदूरचे लोक वर्गणीनें उचलतात. हंगामांत ते झाडापासून कांहीं अंतरावर गुपचूप बसतात आणि नर किती वेळां आला, काय घेऊन आला, याची नोंद करीत राहतात.