गावातल्या ग्रामीण बँकेची पाटी बदलली, पण काउंटरपलीकडे कोण बसणार?

१ मे २०२५ पासून महाराष्ट्रात एकच ग्रामीण बँक उरली. 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणानुसार विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र झाल्या. नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. देशभरात अशा बँका ४३ वरून २८ वर आल्या.

पाटी बदलली, बाकी काय फरक पडतो? त्यासाठी पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर आणि कारागीर बँकेपासून लांबच होते. सहकारी सोसायटीला गाव ठाऊक, पण पैसा अपुरा. मोठ्या बँकेकडे पैसा, पण गावाची ओळख नाही. १९७५ मध्ये नरसिंहम अभ्यासगटाने दोन्हींचे गुण एकत्र आणणारी बँक सुचवली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पहिल्या पाच ग्रामीण बँका सुरू झाल्या. पुढच्या वर्षी नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक आली. मालकी केंद्राची ५० टक्के, राज्याची १५ आणि पुरस्कर्त्या बँकेची ३५.

खरी गंमत कर्मचाऱ्यांत होती. माणसं त्याच भागातली घ्यायची आणि पगार राज्य सरकारी कर्मचाऱ्यांएवढा द्यायचा, अशी कल्पना होती. खर्च कमी राहील आणि कर्ज मागायला आलेल्याची भाषा, पीक, अडचण साहेबाला कळेल.

पण काम इतर बँकांसारखंच आणि पगार कमी, हे कर्मचाऱ्यांना पटेना. १९९० मध्ये लवादाने त्यांना व्यापारी बँकांच्या बरोबरीचं वेतन दिलं. मागणी रास्त होती, पण स्वस्त बँकेचं गणित संपलं. २००५ नंतर विलीनीकरणं सुरू झाली. एकेकाळी १९६ असलेल्या बँका घटत गेल्या. भरतीही देशपातळीवरच्या परीक्षेतून होऊ लागली.

विलीनीकरणाचे फायदे आहेत. भांडवल मोठं होतं, एकच संगणक प्रणाली चालते, दुहेरी खर्च वाचतो. पण कोकण, विदर्भ आणि मराठवाडा एकाच बँकेत आले की अधिकाऱ्यांच्या बदलीचं क्षेत्रही वाढतं. स्थानिक भाषा येण्याची अट भरतीत आहे, न येणाऱ्याला शिकायला मुदतही मिळते. मात्र भाषा सहा महिन्यांत शिकता येते, गाव ओळखायला जास्त वेळ लागतो.

पीककर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याला कागदाआधी माणूस ओळखणारा कुणी भेटतो का, यावरच नव्या पाटीची किंमत ठरेल.