पैसा परदेशचा, जोखीम गावची

बँक दारात उभी करीत नाही, सावकार परवडत नाही; मग इंटरनेटवरून भांडवल उभे करा, असा सल्ला हल्ली धंदा काढू पाहणाऱ्या तरुणांना मिळतो. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे.

अमेरिकेतील किवा ही संस्था २००५ पासून हे काम करते. कोणीही २५ डॉलरइतकी लहान रक्कम द्यावी; देणाऱ्याला व्याज नाही. स्थानिक संस्था तो पैसा दुकानासाठी, बियाण्यासाठी कर्जाऊ देते आणि वसुली परत पाठवते. या वाटेने म्यानमारच्या शेतकऱ्यांपर्यंतही पैसा पोहोचला.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली. त्याच दिवशी फोन-इंटरनेट तुटले, बँका बंद झाल्या. पुढे बँक कर्मचारी संपावर गेले, रोकड मिळेना. डॉलरला सुमारे १,३३० क्यात पडत, ते सप्टेंबरअखेर २,००० च्या वर गेले. म्हणजे कर्ज डॉलरच्या हिशेबात असेल, तर १०० डॉलर फेडायला १ लाख ३३ हजारांऐवजी २ लाख क्यात हवेत. धंदा तोच, गिऱ्हाईक कमी आणि कर्ज दीडपट!

एप्रिल २०२२ मध्ये फर्मान निघाले: खात्यात येणारे परकी चलन एका दिवसात सरकारी दराने मोडा. सरकारी दर १,८५०. बाजारात त्याहून जास्त. कापसाची एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

देणाऱ्याचे २५ डॉलर बुडाले तर त्याची चूल विझत नाही. घेणाऱ्याची विझते.

हे परक्या मुलखातले म्हणून सोडून देता येणार नाही. मे २०२३ पासून मणिपुरात कित्येक महिने मोबाइल इंटरनेट बंद होते. तार सरकारच्या हातात, तर तारेवरचा पैसाही सरकारच्या हातात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. असे भांडवल जरूर घ्या, पण आधी तीन प्रश्न लेखी विचारा. कर्ज रुपयात की डॉलरमध्ये? चलन पडले तर तोटा कोणाचा? बँक वा इंटरनेट बंद पडले तर हप्त्याला मुदत किती? उत्तर मिळत नसेल, तर सही करू नका. आणि सरकार कोणाचेही येवो, बँक, चलन आणि तार हे तीन रस्ते अडवले जाणार नाहीत, ही हमी मागायला आपण सर्वांनी एकत्र उभे राहिले पाहिजे. भांडवल दूरवरून येऊ शकते. हमी मात्र इथेच मिळवावी लागते.