घरचा हिशेब : अंथरूण कुठवर पुरतं?

वास्कोहून निघालेली गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे करत थेट ग्वाल्हेरला जाते. आत्याला भेटायला आम्ही याच गाडीनं जातो. ती राहते लष्करात. लष्कर म्हणजे फौज नव्हे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचंच पुढे शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. आपल्या मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला ग्वाल्हेरला गेले होते, तेव्हा आपल्या भागाला हे गाव काही परकं नाही. आजही तिथल्या जुन्या वाड्यांतून मराठी ऐकू येतं, फक्त त्यात हिंदीची फोडणी असते. महाराज बाड्यावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत बँकांतले, महालेखाकार कार्यालयातले, शाळांतले निवृत्त बरेच. पूर्वी त्यांच्या गप्पा गाण्याच्या आणि राजकारणाच्या असत. गेल्या खेपेला पाहिलं तर विषय एकच, मेडिक्लेम.

त्याला कारण होते आमचे काका, म्हणजे आत्याचे यजमान. ते बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. 2015 च्या वेतन करारानंतर बँकांच्या निवृत्तांसाठी गट आरोग्य विमा आला, तो त्यांनी घेतला. नवरा-बायको मिळून वर्षाला 4 लाखांचं संरक्षण. हप्ता आपल्याच खिशातून भरायचा. पुढे दवाखान्यांची बिलं वाढू लागली, तशी 4 लाखांत काय होणार ही चिंता लागली. कुणीतरी सुचवलं, वरून एक टॉप-अप घ्या, स्वस्तात 10 लाख वाढतील. काकांनी घेतला. हप्ता खरंच कमी होता.

मग 2023 साल आलं. आधी काकांची अँजिओप्लास्टी झाली, बिल 2 लाख 60 हजार. नंतर आत्याला न्यूमोनिया झाला, 2 लाख 20 हजार. दिवाळीआधी काका पुन्हा भरती, 1 लाख 90 हजार. एकूण 6 लाख 70 हजार. गटविम्यानं आपले 4 लाख दिले. राहिलेल्या 2 लाख 70 हजारांसाठी काका टॉप-अपची फाईल घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. एक रुपयाही मिळाला नाही. मुदत ठेव मोडावी लागली.

कंपनीनं फसवलं होतं का? नाही. कागदावर सगळं लिहिलेलं होतं. या पॉलिसीत डिडक्टिबल असतो, म्हणजे खर्चातली आधीची ठरावीक रक्कम विमेदारानं आपली आपण भागवायची, कंपनी त्यावरचं देणार. काकांचा डिडक्टिबल 4 लाखांचा होता. साध्या टॉप-अपमध्ये तो प्रत्येक वेळच्या भरतीला वेगळा लागतो. तिन्ही बिलांतलं एकही 4 लाखांच्या वर गेलं नव्हतं, त्यामुळे टॉप-अपचं दार उघडलंच नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातली सगळी बिलं एकत्र मोजतात. तो असता तर 4 लाखांवरचे ते 2 लाख 70 हजार, पॉलिसीच्या अटींत बसणारा खर्च धरून, मिळाले असते.

काका म्हणाले, "अगं, मला वाटलं दोन्ही एकच. सुपर म्हणजे जरा महाग, एवढंच समजलो मी." आयुष्यभर दुसऱ्यांची कर्जाची कागदपत्रं तपासलेला माणूस हे बोलत होता.

उतारवयात एकच मोठं आजारपण येतं असं नाही. लहानमोठी तीन येतात. म्हणून निवृत्तांनी साधा टॉप-अप नव्हे, सुपर टॉप-अपच पाहावा. पॉलिसीच्या नावावर जाऊ नका. डिडक्टिबल दर भरतीला आहे की पूर्ण वर्षाला, एवढा एक प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नवरा-बायकोची पॉलिसी एकत्र असेल तर दोघांची बिलं मिळून मोजणार का, हेही विचारा.

आता डिडक्टिबल किती ठेवायचा? तो जितका मोठा, तितका हप्ता कमी. मोह होतोच. आमच्या अज्जी म्हणायच्या, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपल्या मराठीत तेच, अंथरूण पाहून पाय पसरावे. डिडक्टिबल म्हणजे तुमच्या अंथरुणाची लांबी. हातात 5 लाखांची मूळ पॉलिसी असेल तर डिडक्टिबल 5 लाख ठीक. मूळ पॉलिसी 3 लाखांची आणि डिडक्टिबल 5 लाखांचा असेल, तर मधले 2 लाख ठेवीत बाजूला हवेत. मूळ पॉलिसी नसली तरी सुपर टॉप-अप घेता येतो, पण मग डिडक्टिबलची सगळी रक्कम घरातून काढायची तयारी पाहिजे.

इथेच आपल्याकडच्या पुष्कळ घरांत गफलत होते. मुलगा किंवा मुलगी बेंगळुरूला कंपनीत, त्यांच्या गटविम्यात आईवडिलांचं नाव. त्याच्या भरवशावर वडील 5 लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घेतात. उद्या मुलानं नोकरी बदलली, नव्या कंपनीत आईवडिलांना विमा नसला, तर ते 5 लाख गेले आणि डिडक्टिबल मात्र जागच्या जागी. ते अंथरूण आपलं नव्हतंच, पाहुण्याचं होतं. मुलांचा विमा असू द्या, पण हिशेब करताना स्वतःच्या नावावरची पॉलिसी आणि ठेवच धरा.

70 पूर्ण झालेल्यांना 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार देऊ केले आहेत. हे कार्ड जरूर काढावं. मात्र ते योजनेतल्याच रुग्णालयांत चालतं, म्हणून आपल्या राज्यात, आपल्या नेहमीच्या दवाखान्यात घेतात का ते आधी विचारावं. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस आणि हे कार्ड यांतलं एकच निवडावं लागतं. या कार्डाच्या जोरावर डिडक्टिबल वाढवू नये. ती वेगळी काठी आहे, वेळेला हाताशी असावी.

आणखी काही गोष्टी काकांच्या फाईलवरून शिकलो, त्या सांगते. दोन्ही पॉलिसींचं वर्ष शक्यतो एकाच महिन्यात सुरू व्हावं. एक नोव्हेंबरला आणि दुसरी एप्रिलला सुरू होत असेल तर बिलं दोन वर्षांत विभागली जातात आणि डिडक्टिबल ओलांडत नाही. खोलीभाड्याची मर्यादा पाहा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर अनेक पॉलिसींत नुसतं भाडंच नाही, बाकीच्या बिलातूनही त्या प्रमाणात कपात होते. बिल वाढेल असं दिसताच दुसऱ्या कंपनीलाही कळवा, आणि पहिल्या कंपनीनं किती पैसे दिले त्याचं पत्र व बिलांच्या प्रमाणित प्रती जपून ठेवा. त्यांच्याशिवाय दुसरा दावा पुढे सरकत नाही.

रक्तदाब, साखर, जुनं ऑपरेशन, काहीही लपवू नका. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ 1 एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षांवर आला आहे. लपवून दावा नाकारला जाण्यापेक्षा सांगून 3 वर्षं थांबलेलं बरं. म्हणूनच पॉलिसी तब्येत धड असताना घ्यावी. 65 नंतर नवी पॉलिसी मिळतच नाही, हा समजही सोडा. 2024 पासून सर्व वयांसाठी पॉलिसी ठेवायला विमा नियामकानं कंपन्यांना सांगितलं आहे. तपासण्या मात्र होतील. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, तेव्हा तेवढ्या मुदतीत मुलाबाळांना बसवून ती एकदा वाचून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला आहे. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांना या हप्त्यावर 50 हजारांपर्यंत वजावट मिळते.

काकांनी 2024 मध्ये सुपर टॉप-अप घेतला. डिडक्टिबल 5 लाखांचा. गटविम्याचे 4 लाख आणि मधल्या 1 लाखाची वेगळी ठेव. त्या पावतीच्या पाकिटावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं आहे, 'हात लावू नये'.

आत्याची गोष्ट मला नंतर कळली. ठेव मोडल्यापासून तिनं गुडघ्याचं दुखणं कुणाला सांगितलंच नव्हतं. जिन्याला धरून धरून चढायची. विचारलं की म्हणायची, थंडीचं आखडतं. आणखी खर्च नको, पुढे काही मोठं आलं तर काय, ही तिची भीती. सुपर टॉप-अपचे कागद घरी आले, काकांनी हिशेब मांडून दाखवला, तेव्हा कुठे ती डॉक्टरांकडे गेली. 2025 मध्ये ऑपरेशन झालं. सगळा खर्च गटविम्यातच भागला, वरच्या पॉलिसीला हात लावावा लागला नाही.

या खेपेला ती मला सोडायला स्टेशनपर्यंत आली होती. फलाटाचा जिना माझ्याआधी चढली.