गणित की डॉक्टरकी : निर्णय बारावीनंतर नाही, अकरावीच्या फॉर्मवरच होतो

2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मे ला लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात भूमजवळच्या एका वाडीवरचे पालक आमच्याकडे आले. घरी खव्याची भट्टी. मुलीला गणितात 97. "सर, लातूरला नीटच्या क्लासला टाकतोय. गणित सोडून द्यायला सांगितलंय, खरं का?" मुलगी मागे उभी होती. तिला विचारलं तर हळूच म्हणाली, "मला गणित आवडतं. पण अम्मी म्हणते, गणित शिकून काय होणार?"

हा प्रश्न आपल्या शेकडो घरांतला आहे. 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे फॉर्म मोबाईलवर पाच मिनिटांत भरला जातो. गणिताच्या जागी भूगोल टाकला की पुढचे बरेच रस्ते त्याच क्षणी बंद. भारतीय सांख्यिकी संस्थेत गणिताच्या पदवीला बारावीत गणित हवंच. इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांचंही तेच. उलट पीसीएमबी घेतलेल्या मुलीला नीटही देता येते आणि गणिताकडेही जाता येतं.

"चार विषयांचा ताण येईल" असं क्लासवाले सांगतात. ताण येतो, खोटं कशाला बोला. पण नीटच्या 720 पैकी 180 गुण भौतिकशास्त्राचे, आणि गणित कच्चं असेल तर भौतिकशास्त्र हातात येत नाही. 2025 च्या पेपरनं हे चांगलंच दाखवून दिलं.

आता आकडे बघू. 2025 मध्ये नीटला देशात 22 लाखांहून जास्त मुलं बसली, 12 लाखांहून जास्त पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा तेव्हा साधारण 1 लाख 18 हजार होत्या. म्हणजे 'पात्र' ठरलेल्या दहांतल्या साधारण नऊंना एमबीबीएस मिळणं शक्य नव्हतं. धाराशिवला 2022 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, 100 जागांचं. ही आपल्या जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट. शिवाय जुलै 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण फी सरकार भरतं. बागवान, अत्तार, तांबोळी घरांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवावा; ऐनवेळी तहसीलच्या चकरा माराव्या लागतात.

तेव्हा डॉक्टर होऊ नका असं आम्ही म्हणत नाही. भूमच्या बाईला बाईच डॉक्टर हवी असते, हे आम्हालाही कळतं. मात्र दोन-तीन वेळा रिपीट करून एकविसाव्या वर्षी रिकाम्या हातानं परतलेली मुलं आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांनी अकरावीत गणित सोडलेलं होतं.

गणिताच्या वाटेवरही काटे आहेत. जवळच्या कॉलेजात नुसती बीएस्सी करून नोकरी हातात पडत नाही. पुढे एमएस्सी, मग नेट. सीएसआयआर-नेटमध्ये गणित विषय आहे आणि जेआरएफ मिळाली तर महिन्याला 37 हजार. अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिप मात्र केंद्रानं 2022 मध्ये बंद केली, त्याचा फटका आपल्याच मुलांना बसला. तरी बँक, विमा, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर सगळीकडे गणितवाला लागतो. आणि "मुलीचं काम नाही" म्हणणाऱ्यांना आम्ही इराणच्या मरियम मिर्झाखानी यांचं नाव सांगतो. 2014 मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली स्त्री.

त्या मुलीचा फॉर्म आम्ही शाळेतच बसून भरला. पीसीएमबी. अब्बांनी ओटीपी सांगितला, पण लातूरच्या क्लासचा अ‍ॅडव्हान्स त्यांनी अजून परत मागितलेला नाही. दोन वर्षं हातात आहेत, तोवर मुलगी काय म्हणते ते बघू, असं म्हणून ते उठले.