सवलतीचे वजन

हँडिकॅप शर्यतीत घोड्यांचे मूल्यमापन शर्यत सुरू होण्यापूर्वीच झालेले असते. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर आधीच्या कामगिरीवरून घोड्याचे मानांकन ठरते आणि त्यानुसार त्याच्या पाठीवरचे वजन. सरस घोड्याने अधिक वाहायचे, उण्याने कमी. हिशेब अचूक असेल तर सारे घोडे एकाच वेळी अंतिम रेषेवर यावेत, ही त्यामागील कल्पना. म्हणजे गुणवत्तेतील अंतर आधी मोजायचे आणि मग ते पुसून टाकायचे. मराठी समीक्षेतही वजनाचे असे वाटप चालते. फक्त ते कोणी जाहीर करीत नाही.

अडथळ्यांच्या शर्यतीतील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील १९७३ च्या ग्रँड नॅशनलमध्ये क्रिस्प या घोड्यावर १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन होते. रेड रमवर त्याहून २३ पौंड, म्हणजे जवळजवळ साडेदहा किलो कमी. चार मैलांहून अधिक अंतर आणि तीस अडथळे यांतील बहुतेक काळ क्रिस्प खूप पुढे होता; अखेरच्या टप्प्यात तो थकला आणि पाऊण लांबीने हरला. विजेता रेड रमच. त्याबद्दल वाद नाही. पण केवळ निकाल वाचणाऱ्याला ती शर्यत अर्धीच कळते. पुढच्या वर्षी तेच १२ स्टोन रेड रमच्या पाठीवर आले आणि तरीही तो जिंकला. त्याचे खरे मोल तेव्हा सिद्ध झाले.

आपल्या जालना जिल्ह्यात घोड्यांच्या अशा शर्यती नाहीत. आहे तो शंकरपट. तेथे पाठीवर वजन चढवीत नाहीत, तोंड उघडून दात पाहतात. दुधाच्या दातांचा तो आदत, दोन-अडीच वर्षांच्या सुमारास कायमच्या दातांची पहिली जोडी आली की दोनदाती, मग चारदाती. गोऱ्ह्याची तुलना जुळलेल्या बैलाशी करू नये, एवढीच या गटवारीमागची समज. हीसुद्धा सवलतच, पण ती वयाची आहे आणि दात येताच संपते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी आणली. २०२१ च्या डिसेंबरात त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत कित्येक गोऱ्हे दात जुळून म्हातारे झाले. त्यांची गुणवत्ता किती होती, हे सांगण्याचा मार्गच उरला नाही.

आता समीक्षेकडे येऊ. ‘जालन्यासारख्या जिल्ह्यात राहूनही त्यांनी हे लेखन केले’ या धाटणीची वाक्ये आपण प्रस्तावनांतून आणि परीक्षणांतून सतत वाचतो. त्यातील ‘राहूनही’ हा शब्द म्हणजे आपला हँडिकॅप. घोड्याचे वजन कामगिरीवरून ठरते, बैलाचा गट दातांवरून. लेखकाचा मात्र पत्त्यावरून. शिवाय रेसकोर्सवरचा आकडा सर्वांसमोर असतो. आपली सवलत कौतुकाच्या आवरणात दिली जाते आणि ती कधीच संपत नाही. पाचव्या पुस्तकानंतरही लेखक आदतच! याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ कोणी अशा सवलतीने वाचत नाही. मग आजच्या लेखकालाच ती कशासाठी?

यावर असा आक्षेप येईल की, परिस्थितीचा विचार करायचाच नाही काय? अवश्य करावा. ग्रंथालय, प्रकाशक, संपादक आणि जाणता वाचक यांपासूनचे अंतर हे खरेच वजन आहे आणि त्याची नोंद समीक्षेत व्हायला हवी. परंतु वजनाची नोंद करणे वेगळे आणि त्यापोटी निकाल बदलणे वेगळे. क्रिस्पने किती वाहिले हे सांगताना तो जिंकला असे कोणी म्हणत नाही. आणि तो हरला म्हणून त्याची धाव कोणी विसरत नाही.

शर्यतीतील अधिकाऱ्याला अंतर पुसायचे असते, कारण त्यावाचून चुरस नाही. समीक्षकाचे काम याच्या नेमके उलटे आहे. कृतीकृतींमधील अंतर त्याने दाखवायचे असते, मग ते लेखकाला कितीही बोचो. वर्गात एखादी कविता शिकवताना वा विद्यार्थ्याच्या प्रबंधावर अभिप्राय लिहिताना आपण किती वजन वजा केले, हे निदान आपल्यापुरते तरी लिहून ठेवावे. मराठवाड्यातील लेखकाला सहानुभूती पुष्कळ मिळाली आहे. त्याला अद्याप मिळायचे आहे ते कठोर, पूर्ण वाचन.