चार फुटी तळे

मासे पाळणे असे आपण म्हणतो खरे, पण पाळावे लागते ते पाणी. मासा त्यात आपोआप राहतो. एवढे एकदा ध्यानात आले, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर दिवाणखान्यासाठी मोठी टाकी आणायला निघालेले कुटुंब दुकानात शिरताच रंगीत दगड आणि प्लास्टिकचा किल्ला यांवर तुटून पडणार नाही; पंपाच्या खोक्यावरचे बारीक आकडे वाचू लागेल.

प्रथम टाकीच मोजू. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच; म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात 28 लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते, तेव्हा हे झाले सुमारे 255 लिटर. वजनही तितकेच किलो! काच, वाळू आणि स्टँड धरले की आकडा तीनशेच्या बराच पुढे जातो. चारपाच धष्टपुष्ट पाहुणे एकाच कोपऱ्यात कायमचे मुक्कामाला आले आहेत असे समजा. जुन्या घराच्या लाकडी जमिनीवर त्यांना बसवू नये, आणि सिमेंटच्या इमारतीतही जागा द्यावी ती भिंतीच्या कडेला.

आता पंप. फिल्टरमधून टाकीतले सगळे पाणी तासाला चारपाच वेळा फिरावे, असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. आपल्या टाकीला म्हणजे तासाला हजार ते बाराशे लिटर. इथे दुकानदार हसतमुखाने म्हणतो, “साहेब, हा घ्या बाराशे लिटरवाला, अगदी मापाचा!” तो खोटे बोलत नाही, पण खोक्यावरचा आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसेल तेव्हाचा असतो. त्याच्याच शेजारी ‘एच मॅक्स’ म्हणून दुसरा आकडा असतो, आणि त्या उंचीला पंपातून थेंबही पडत नाही. खालच्या कपाटात फिल्टरची टाकी ठेवून पाणी चार फूट वर न्यायचे असेल आणि ‘एच मॅक्स’ दोन मीटर असेल, तर वर पोहोचते ते निम्म्याच्या आसपास. स्पंज मळला की त्याहूनही कमी. म्हणून अशा मांडणीला दोन हजारांचा पंप मागावा. शिवाय वॅट पाहावेत. हे यंत्र रात्रंदिवस चालते. वीस वॅटचा पंप महिन्याला चौदा-पंधरा युनिटे खातो, साठ वॅटचा त्रेचाळीस. स्वस्तात मिळालेला पंप पुढे दरमहा बिलातून आपली किंमत वसूल करतो.

फिल्टरला आपण गाळणी समजतो, ही भाषेने केलेली फसवणूक आहे. कचरा गाळणे हे त्याचे किरकोळ काम. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया निघतो, तो विषारी. स्पंजवर आणि चिनी मातीच्या नळकांड्यांवर वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र आठवड्याला थोडे पाणी बदलून काढता येते. तेव्हा फिल्टर म्हणजे या जिवाणूंची चाळ. नळाखाली स्पंज खसाखसा धुणारी नीटनेटकी गृहिणी क्लोरीनने अख्खी चाळ रिकामी करते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा.

1850 च्या सुमारास इंग्लंडात रॉबर्ट वॉरिंग्टन याने वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचा समतोल साधून टाकी चालवली होती, तेव्हा विजेचा पंप कुठला? पण त्याचे मासे मोजके होते. आपल्याला प्रत्येक मुलाच्या आवडीचा एकेक हवा असतो.

माझ्या मते चैनीची वस्तू म्हणजे दिवे, आणि गरजेची म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप. आपल्याकडे वीज सांगून जात नाही. ती मध्यरात्री गेली की पाण्यातला प्राणवायू घटू लागतो. गर्दीच्या टाकीत सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून उभे दिसतात, आणि दिसतात हेही नशीब. बंद डब्याचा फिल्टर बरेच तास थांबला असेल तर आतले सडके पाणी ओतून, धुऊन मगच सुरू करावा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाही तर नळीत उलट न जाऊ देणारी झडप बसवावी. एरवी वीज गेल्यावर नळीतून पाणी खाली उतरते आणि पंपातून गालिच्यावर येते.

हाच पंप खोलीतली हवा ओढतो. दिवाळीपूर्वी घराला रंग लावताना, झुरळांचे औषध फवारताना तो बंद करून टाकी झाकावी. डासांच्या औषधांतली काही द्रव्ये माणसाला सोसतात, माशांना अत्यल्प मात्रेतही मारतात.

हीटर मुंबईकराला बहुधा लागत नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत उष्ण प्रदेशातल्या माशांना लागतो. गोल्डफिशला तिथेही नको.

एवढे आणून जोडले तरी मासे लगेच सोडायचे नाहीत. जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात. त्यांना खाणे म्हणून अमोनिया थेंबाथेंबाने घालून पंप चालू ठेवायचा आणि तपासणीच्या संचाने पाणी पाहत राहायचे. दसऱ्याला टाकी मांडली तर दिवाळीला पाहुणे विचारणारच, “अहो, मासे कुठे आहेत?” त्यांना फराळाचे ताट द्यावे आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा बोलवावे.