पात्रता कोणी ठरवायची?



नोकरीच्या जाहिरातीत ‘शैक्षणिक पात्रता’ असा एक रकाना असतो. आपल्याकडच्या बायका जाहिरात तिथपर्यंत वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. कुही तालुक्यात काम करताना हे मी वारंवार पाहते. दहा वर्षं बचत गटाचे हिशेब लिहिणारी, बँकेतून गटाचं कर्ज मंजूर करून आणणारी बाई ‘वाणिज्य पदवीधरास प्राधान्य’ एवढे शब्द वाचून मागे फिरते. त्याच गावातला, आयुष्यात एकही वही न लिहिलेला मुलगा ‘टाकून तर पाहू’ म्हणत अर्ज टाकतो. मग आपण म्हणतो की बायकांमध्ये आत्मविश्वास नाही, आणि व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर घेतो. मला हे निदान अपुरं वाटतं.

अमेरिकेतल्या तारा मोर या लेखिकेने हजाराहून अधिक स्त्री-पुरुषांना विचारलं होतं, की पात्रता पूर्ण नसताना तुम्ही अर्ज का केला नाही? २०१४ साली तिने उत्तरं मांडली. ‘मला ते काम जमणार नाही’ असं म्हणणाऱ्या स्त्रिया थोड्याच होत्या. ‘अटीत बसत नाही म्हणजे घेणारच नाहीत, मग वेळ कशाला घालवायचा?’ हे कारण सर्वांत जास्त जणींनी दिलं. त्यांची शंका स्वतःच्या कुवतीबद्दल नव्हती. छापलेली प्रत्येक ओळ त्यांनी नियम म्हणून वाचली होती.

म्हणून गटाच्या बैठकीत जाहिरात एकत्र बसून वाचायला हवी. सरकारी भरतीत ‘आवश्यक’ असं लिहिलेली पात्रता हा खरोखर नियम असतो. ती नसेल तर अर्ज छाननीत बाद होतो, भरलेलं शुल्कही जातं. पण ‘प्राधान्य’ किंवा ‘वांछनीय’ ही अपेक्षा असते, ती नसतानाही अर्ज करता येतो. ‘समतुल्य’ लिहिलं असेल तर आपलं प्रमाणपत्र चालेल का, हे कार्यालयात जाऊन विचारायचं. पतसंस्था, दुकानं, खासगी कंपन्या, स्वयंसेवी संस्था यांच्या जाहिरातीतली बरीचशी यादी अपेक्षांचीच असते. तिथे अनुभव पुढे ठेवून बोलता येतं. परिचारिका किंवा औषधनिर्माता या कामांना मात्र कायद्याने नोंदणी लागते, आणि रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असल्याने ते योग्यच आहे.

काही ठिकाणी मात्र अटच तपासून पाहायची वेळ येते. महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकेसाठी दहावी आणि मदतनीसासाठी सातवी पुरत असे. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने दोन्ही पदांसाठी बारावी उत्तीर्ण ही अट आली. सेविका मुलांना शिकवते, नोंदी ठेवते, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरते. तिच्याबाबत या अटीची बाजू घेता येईल. पण मुलांना घरून आणणं, खाऊ घालणं, अंगणवाडी झाडून-पुसून ठेवणं यासाठी बारावी कशाला? उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी, हीदेखील अट आहे. गावात माध्यमिक शाळा नव्हती म्हणून सातवीनंतर घरी बसवलेली, लग्न होऊन या गावात आलेली, नवरा गेल्यावर मिरचीच्या सातऱ्यावर खुडणीला जाणारी बाई या पदाची वाट पाहत होती. गावात राहून, मुलं सांभाळून करता येण्याजोगी दुसरी कामं आहेतच किती? काम मागताना बारावी आणि दाम देताना मानधन, असा हा हिशेब आहे.

कमी शिकलेली बाई जबाबदारीचं काम करू शकत नाही, हे म्हणणं आपल्याच विदर्भात खोटं ठरलं आहे. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या थोडंफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाच्या देखभालीचं प्रशिक्षण दिलं. ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून हेच काम देशभरातल्या आशांकडे आलं.

कामाशी संबंध नसलेली अट हा भेदभाव ठरू शकतो, हे न्यायालयानेही मान्य केलेलं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक पॉवर कंपनीत काळ्या कामगारांना फक्त मजुरीच्या विभागात ठेवत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तसं उघडपणे करता येईना, तेव्हा वरच्या कामांसाठी शालान्त प्रमाणपत्र आणि चाचण्यांची अट पुढे आली. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज खटल्यात निकाल दिला, की अट वरवर सर्वांना सारखी असली, तरी ती एका समूहाला बाहेर ठेवत असेल आणि कामासाठी गरजेची आहे हे मालक दाखवू शकत नसेल, तर ती बेकायदेशीर आहे. हा निकाल आपल्याला लागू नाही, पण त्यातला प्रश्न आपण विचारू शकतो.

तो आधी आपल्या घरात विचारू या. माझ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे, आणि तिचा उपयोग मी रोज अनुभवते. तरीही मार खाल्लेल्या बाईला रात्री आसरा देणारी, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसणारी गावातली कार्यकर्ती आपल्याच संस्थांच्या जाहिरातीत का बसत नाही? ‘एम.एस.डब्ल्यू. किंवा समतुल्य कामाचा पाच वर्षांचा अनुभव’ असं लिहायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

प्रत्येक गटाने एवढं तरी करावं. गटात काम करणाऱ्या बाईला काम, कालावधी आणि जबाबदारी लिहिलेलं अनुभवाचं पत्र द्यावं. दहावी-बारावी राहिलेल्यांचे १७ नंबरचे फॉर्म वेळेत भरून घ्यावेत. ‘प्राधान्य’ लिहिलेल्या प्रत्येक जागेसाठी अर्ज करायला लावावा. अर्ज बाद झाला तर कारण लेखी मागावं. सरकारी कार्यालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. आणि मदतनीसाच्या बारावीच्या अटीविरुद्ध ग्रामसभेचे ठराव करून महिला व बालविकास विभागाकडे पाठवावेत.

अर्ज करणं हे एकटीच्या धाडसावर सोडून चालणार नाही. अट कोणती पाळायची आणि कोणती बदलून घ्यायची, हे आपण मिळून ठरवू.